कोंडी करायला शिकलो

गेल्या वर्षी जुलैत डाव्या पायावर कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून केलेला लोखंडी भाग, पडलं. फार मोठं नव्हे, चौदा किलोचं. सेफ्टी शूजला पुढं लोखंडी टोपी असते, आणि पडलं ते तिच्या बोटभर मागं. दोन हाडांना तडा, पाच आठवडे प्लास्टर. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मी प्रॉडक्शन बघतो. मोल्डिंगपासून डिस्पॅचपर्यंत माल कुठं अडतोय ते शोधायचं आणि अडलेलं सोडवायचं, हेच माझं काम. सोळा वर्षं तेच करतोय. असा माणूस घरात पलंगावर पडला की काय होतं ते माझ्या आईला विचारा. तिसऱ्या दिवशी मी तिला स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा चुकीच्या बाजूला आहे हे समजावून सांगत होतो.

बाहेर पाऊस. मोबाईलवर दिवसातून चारदा पंचगंगेचा मेसेज. राजाराम बंधारा पाण्याखाली, पातळी इतकी फूट, राधानगरीचा अमुक नंबरचा दरवाजा उघडला. 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, हे आकडे आमच्याकडं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. मी ते मेसेज पुढं पाठवत बसायचो. शेवटी ताईनं भाचीला धाडलं.

भाची अकरावीत. तिचा जुना लॅपटॉप घेऊन आली, माझ्या मांडीवर उशी ठेवली, उशीवर लॅपटॉप. "मामा, गप खेळत बस. मी संध्याकाळी येतो." (आमच्याकडच्या मुली येतो-जातोच म्हणतात. पुण्याच्या मंडळींनी दचकू नये.)

खेळाचं नाव ‘ऑर्क्स मस्ट डाय’. 2011 चा, म्हणजे पोरांच्या हिशोबानं पुराणातला. म्हणूनच त्या लॅपटॉपवर चालला. एक किल्ला. एका टोकाला दार, त्यातून ऑर्क नावाचे हिरवे राक्षस लोंढ्यानं येतात. दुसऱ्या टोकाला एक चमकतं भगदाड, त्याला रिफ्ट म्हणतात. ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त ऑर्क त्यात शिरले की तुम्ही हरलात. मधल्या जमिनीवर, भिंतींवर, छतावर चौकोन पाडलेत, त्यांत सापळे बसवायचे: जमिनीतून वर येणारे खिळे, भिंतीतून सुटणारे बाण, डांबर. आणि तुम्ही स्वतः तिथंच, हातात क्रॉसबो घेऊन उभे. गुरुजी सुरुवातीलाच पाय घसरून, डोकं आपटून गेलेत आणि मागं उरलाय त्यांचा सगळ्यांत टुकार शिष्य. तो टुकार शिष्य म्हणजे आपण.

पहिल्या डावाला मी थेट दारात जाऊन उभा राहिलो. या म्हटलं. क्रॉसबोचं बटण दाबूनच धरलं. मग लक्षात आलं की सपासप मारत सुटलं की नेम फाकत जातो, बाण उजवीकडं-डावीकडं भिंतीत. दोन बाणांमध्ये दम घेतला तर डोक्यात बसतो आणि ऑर्क एका फटक्यात आडवा होतो. तेवढं कळेपर्यंत दहा-बारा पडले आणि बाकीचे माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेले. जत्रेत हरवलेल्या माणसाला गर्दी ओलांडून जाते ना, तसे.

दुसऱ्या डावाला धडा घेतला आणि उलट टोकाला गेलो. सगळे पैसे खिळ्यांच्या सापळ्यांत घातले आणि ते बोळभर सारख्या अंतरानं पेरले, ठिपक्यांच्या रांगोळीसारखे. मी मागं जिन्यावर उभा, गंमत बघत. ऑर्क आले. प्रत्येकाला दोन-दोन खिळे लागले, प्रत्येक जण अर्धा जखमी झाला, आणि सगळेच्या सगळे रिफ्टमध्ये गेले.

संध्याकाळी भाची आली तेव्हा मी सातव्यांदा हरत होतो.

"काय करालायस मामा? सगळीकडं थोडं-थोडं लावून काय उपयोग?"

"मग?"

"एकाच ठिकाणी गठ्ठ्यानं मार की."

एवढंच बोलली आणि चहा प्यायला गेली. शिकवायची तिची पद्धत ही अशी.

त्या रात्री मी खेळलो नाही, नुसता बघत बसलो. एक खिळ्यांचा सापळा लावला आणि ऑर्क त्यावरून जाऊ दिले. पहिला पाय ठेवतो, क्षणभरानं खिळे उसळतात, मग आत जातात, आणि पुन्हा तयार व्हायला काही सेकंद घेतात. त्या सेकंदांत जो त्यावरून जातो तो फुकट जातो. मला हसूच आलं. हा सायकल टाइम! दिवसभर स्टॉपवॉच धरून मी जे मोजतो तेच. मशीनला एक फेरा पुरा करायला वीस सेकंद लागतात आणि माल दहा सेकंदाला एक येत असेल, तर निम्मा माल बाजूला साचणार. कारखान्यात हे पाप. इथं मात्र तो निम्मा माल साचत नाही, पुढं पळून जातो आणि किल्ला घेतो. म्हणजे इथं साचवायलाच हवा. ऑर्क सापळ्यावर थांबला पाहिजे, निदान रेंगाळला पाहिजे, म्हणजे त्याच सापळ्याचा दुसरा फटकाही त्याला बसेल.

त्यासाठी डांबर. डांबराला स्वतःची ताकद काहीच नाही, ऑर्कचा केसही वाकडा होत नाही. त्यामुळं मी ते विकतच घेत नव्हतो. जे मारत नाही त्यावर पैसे का घाला? पण डांबरात पाय पडला की ऑर्क चिखलातल्या म्हशीसारखा चालतो, आणि मागचे त्याच्या पाठीवर येऊन आदळतात. आता भिंतीतल्या बाणांना एक नाही, सहा जण एकदम मिळतात. तीच दोन बाणभिंतींची जोडी, तेच पैसे, आणि परिणाम चौपट. दुसऱ्या दिवशी सकाळी हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एवढ्यांदा ओरडलो की आई देवपूजा सोडून आली.

सोळा वर्षं मी कोंडी फोडण्याचा पगार घेतोय. नॉकआउटला, म्हणजे साचा फोडून माल काढतात तिथं, ढीग लागला, फोडा. फेटलिंगची, म्हणजे मालाच्या जादा कडा घासणारी, माणसं आली नाहीत, कोंडी झाली, फोडा. शॉट ब्लास्टिंग, म्हणजे छर्रे मारून माल साफ करायचं मशीन, बंद पडलं, फोडा. आणि इथं एक खेळ मला म्हणत होता, बाबा, तुला माहितेय ना कोंडी कशानं होते? मग कर की. मनसोक्त कर. चोराला पोलिसात भरती केलं की तो चांगला पोलीस होतो म्हणतात, मी त्याच्या उलट दिशेनं निघालो होतो.

भाचीच्या गणिताच्या वहीतले आलेखाचे कागद फाडून घेतले (ती रागावली, नंतर नवी वही आणून दिली). त्यावर लेव्हलचा नकाशा काढायला लागलो. दार इथं, जिना इथं, बोळ इतके चौकोन रुंद, छत कुठं बुटकं. दोन वाटा असतील तर एक बॅरिकेडनं बंद करायची, म्हणजे सगळा लोंढा दुसरीकडून. पण दोन्ही बंद केल्या तर ऑर्क वाट शोधायच्या भानगडीत न पडता बॅरिकेडच फोडायला घेतात. एक वाट उघडी ठेवावीच लागते, आणि ती कुठली हे ठरवायची मोकळीक तुम्हाला. सगळा खेळ या मोकळिकीत आहे असं मला तेव्हा वाटलं.

इथवर जे सांगितलं त्याला टॉवर डिफेन्स म्हणतात, आणि ते काही नवं नाही. 1990 साली अटारीचा ‘रॅम्पार्ट’ आला, त्यात तटबंदी बांधायची आणि तोफा लावायच्या. पुढं 2002 च्या ‘वॉरक्राफ्ट 3’वर लोकांनी स्वतः नकाशे बनवून हा प्रकार वाढवला, 2007 ला ‘डेस्कटॉप टॉवर डिफेन्स’नं ऑफिसांतला वेळ खाल्ला, आणि 2009 च्या ‘प्लँट्स व्हर्सेस झोम्बीज’नं तो घराघरांत नेला. तो मीही खेळलोय, ताई तर बाळंतपणानंतर रात्री-रात्री खेळायची. सगळ्यांची मांडणी तीच: वरून बघायचं, झाडं किंवा मनोरे लावायचे, शत्रू वाटेनं येतो, मनोरे आपापलं काम करतात. एकदा लावून झालं की आपण प्रेक्षक. मला त्यात नेहमी केबिनमध्ये बसल्यासारखं व्हायचं. काचेतून शॉप दिसतोय, पण हात लावता येत नाही.

2011 साली तीन वेगवेगळ्या चमूंना एकाच वर्षी वाटलं की या केबिनच्या माणसाला खाली उतरवावं. एप्रिलमध्ये स्वीडनच्या कॉफी स्टेनचा ‘सँक्टम’ आला, त्यात बंदूक घेऊन स्वतःच्या मनोऱ्यांमध्ये फिरायचं. ऑक्टोबरात ‘डंजन डिफेंडर्स’ आणि हा आमचा ऑर्कवाला, दोन्ही एकाच महिन्यात. ऑर्कवाला बनवणारी कंपनी रोबोट एंटरटेनमेंट, टेक्सासची. ‘एज ऑफ एम्पायर्स’ बनवणारा एन्सेम्बल स्टुडिओ 2009 ला बंद झाला, त्यातलीच माणसं इथं. हे वाचून मला राजारामपुरीतला सायबर कॅफे आठवला. कॉलेजात असताना वीस रुपये तासानं आम्ही तिथं ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ खेळायचो, आणि माझा मित्र दर वेळी गावाभोवती भिंत बांधून एकच दार ठेवायचा. आम्ही त्याला भित्रा म्हणायचो. जिंकायचा तोच.

तर, खाली उतरवलेला माणूस. इथंच माझी खरी गोची झाली.

दहाव्या-बाराव्या लेव्हलच्या आसपास एक मॅप होता, त्यावर मी चार दिवस अडकलो. कागदावर आराखडा पक्का होता. डांबर, त्यामागं खिळे, दोन्ही भिंतींना बाण. हिशोबानं एकही ऑर्क सुटायला नको. तरी सुटत होते, आणि दर वेळी वेगळ्या जागी. मी सापळे हलवले, पैसे इकडचे तिकडं केले. शेवटी भाचीला शेजारी बसवलं आणि म्हटलं बघ तूच.

तिनं एक वेव्ह, म्हणजे ऑर्कचा एक लोंढा, बघितली.

"मामा, तू कुठं उभा राहतोस?"

"इथं. डांबराच्या पुढं. म्हणजे आलेले आधी मी मारतो, उरलेले सापळ्यात."

"ते तुझ्याकडं वळालेत की. तुला मारायला थांबालेत, आणि डांबरात जाईनात."

बघितलं तर खरंच. ऑर्कला मी जवळ दिसलो की तो वाट सोडून माझ्यावर येतो. माझ्याभोवती घोळका, आणि सापळे मोकळे. मी चार मारेपर्यंत आठ जण कडेनं निघून जाणार, आणि तेही विखरून, एकेकटे, सायकल टाइमच्या फटीतून. माझा आराखडा बरोबर होता. त्यात मी चुकीच्या जागी उभा होतो.

कारखान्यात असे साहेब बघितलेत मी. लाईन नीट चाललेली असते, साहेब येऊन मधोमध उभे राहतात, प्रत्येक जण हातातलं काम सोडून त्यांच्याकडं बघतो, आणि साहेब घरी जाऊन सांगतात, आज मी स्वतः उभा राहिलो म्हणून माल निघाला. आता खरं सांगायचं तर असा साहेब मीसुद्धा असेन. फेटलिंगच्या पोरांना विचारायला पाहिजे. विचारलेलं नाही अजून.

मग डांबराच्या मागं, खिळ्यांच्याही मागं उभा राहिलो. आता मला मारायला यायचं तर डांबरातूनच यावं लागतं. मीच आमिष. चिखलात रुतलेल्या ऑर्कच्या डोक्यात दम घेऊन एकेक बाण. सापळा आणि बाण मिळून कॉम्बो होतो, त्याचे जादा गुण. शिवाय सापळ्यांना न जुमानणारी काही जनावरं असतात. कोबोल्ड, छोटे आणि भलते चपळ, त्यांना हातानंच टिपावं लागतं. ग्नॉल, ज्याला रिफ्टशी देणंघेणं नाही, तो फक्त तुम्हालाच शोधत येतो. आणि ओगर. ओगर आला की सगळे आराखडे एका बाजूला. खिळे त्याला गुदगुल्या करतात. त्याला बर्फानं गोठवायचं, धावत मागं जायचं, पुन्हा मारायचं, तेवढ्यात डावीकडून कोबोल्ड निसटला, तो बघायचा. अशा वेळी अर्ध्या मिनिटात मी जेवढे निर्णय घेतो तेवढे शिफ्टमध्ये घेत नाही. आणि वेव्ह संपली की एकदम शांतता. काही वेव्हच्या आधी खेळ थांबतो, तुम्ही बटण दाबाल तेव्हाच दार उघडतं. मग निवांत फिरायचं, कुठं गळती झाली ते आठवायचं, आणि मिळालेल्या पैशात एखादा सापळा जास्तीचा. घाई, मग विचार, मग पुन्हा घाई. नुसत्या मारामारीच्या खेळांनी मी अर्ध्या तासात दमतो, नुसत्या टॉवर डिफेन्सनं पेंगतो. यानं पहाटे दोनपर्यंत जागवलं.

तो चार दिवसांचा मॅप ज्या रात्री सुटणार होता त्या रात्री शेवटून दुसऱ्या वेव्हला लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली. स्क्रीन काळी, खोली काळी, बाहेर पावसाचा आवाज. लेव्हल पहिल्यापासून. मी अंधारात जे बोललो ते आईनं ऐकलं आणि सकाळी पोह्यांत मीठ घातलं नाही. मुद्दाम की चुकून, विचारायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लेव्हल सुटली. पाचपैकी चार कवट्या मिळाल्या. कवट्या म्हणजे इथले मार्क.

प्लास्टरच्या चौथ्या आठवड्यात ताईनं मला तिच्या घरी हलवलं, आईला विश्रांती म्हणून. तिथं भाच्याचा प्लेस्टेशन. तो म्हणाला, तुला हेच आवडतंय तर हा बघ. ‘कुनित्सु-गामी: पाथ ऑफ द गॉडेस’. कॅपकॉमचा, 19 जुलै 2024 ला आलेला. डोंगर सगळा विटाळलाय, योशिरो नावाची देवीची सेविका नाचत-नाचत डोंगर उतरून तो शुद्ध करतेय, आणि सोह नावाचा तलवारबाज तिचा राखणदार. दिवसा गावातली घाण साफ करायची, अडकलेली माणसं सोडवायची, त्यांना मुखवटे देऊन कामं वाटायची: हा लाकूडतोड्या, ही तिरंदाज, हा साधू. रात्री लाल कमानींतून भुतं येतात. इथं वाचवायची वस्तू एका जागी बसलेली नाही, ती चालतेय. आणि ती जिथून चालणार ती वाटसुद्धा तुम्हीच आखायची. वाटेलाही स्फटिक लागतात, माणसांना काम द्यायलाही तेच स्फटिक. योशिरोला पुढं न्यावं तर पहारा उणा, पहारा वाढवावा तर ती संध्याकाळी उघड्या रस्त्यात.

आई तिथं चक्कर टाकायला आली होती. थोडा वेळ बघून म्हणाली, "देवीला पुढं न्यायचं आणि भोवती माणसं. पालखीच की ही." शुक्रवारी अंबाबाईची पालखी बघत मोठ्या झालेल्या बाईला जपानी डोंगर कळायला दोन मिनिटं पुरली.

त्यात एक सुमो पैलवानाचं काम आहे. त्याचा मुखवटा ज्याला द्याल त्याच्याकडं भुतं ओढली जातात, तो मार खात उभा राहतो आणि बाकीचे मागून काम करतात. भाचा म्हणाला, बघ, तालमीचं गाव म्हणून मुद्दाम ठेवलाय. मला मात्र तो बघताना माझीच जागा आठवत होती, डांबराच्या मागची. फरक इतकाच की इथं आमिष होणारा दुसरा. आणि तुम्ही स्वतः पडलात तरी डाव संपत नाही. सोह काही वेळ आत्मा होऊन तरंगत राहतो, तलवार चालत नाही, पण माणसांना हुकूम देता येतात. म्हणजे पुन्हा केबिन! तेवढा वेळ काचेतून बघायचं, आणि बघताना कळतं की आपण नसलो तरी गावकरी बरंच सांभाळतात. ते बघणं मला जरा टोचलं.

खेळ देखणा आहे, तलवार तर नाचल्यासारखी फिरते. तरी मन ऑर्कवरच राहिलं. सापळ्याला एक भोळी क्रूरता असते, आणि त्यातला विनोद गावकऱ्यांना कामाला लावण्यात येत नाही. स्प्रिंगच्या फळीवरून उडून लाव्ह्यात पडणारा ऑर्क बघून मी पायाचं दुखणं विसरलोय. हे वय बेचाळीसला कबूल करणं बरं नव्हे, पण केलं.

ऑगस्टअखेर प्लास्टर निघालं. पहिल्या दिवशी शॉपवर गेलो तर फेटलिंगसमोर नेहमीचा ढीग. काठी टेकून बघत उभा राहिलो. सुपरवायझर जवळ आला, म्हणाला, "साहेब, माणसं वाढवू काय?" मी म्हटलं, थांब. मी बघत होतो की नॉकआउटकडून माल दोन वाटांनी येतोय आणि एक वाट बंद केली तर काय होईल. त्याला ते सांगितलं नाही. ढिगाच्या मागं सरकून उभा राहिलो, तेवढंच.

रात्री भाचीचा मेसेज आला. ज्या मॅपवर मी चार कवट्यांवर थांबलो होतो, तिथं पाच. स्क्रीनचा फोटो पाठवलेला. फोटोत डावा कोपरा अंगठ्यानं झाकलेला, बॅरिकेड कुठं लावलंय ते मामाला दिसू नये म्हणून.